मागच्या फ्रीजमधलं दही

१

नवा फ्रीज घेऊन आलेल्या माणसांनी जाता जाता जुना उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला. परत येताना त्यांच्यातला एकजण मनगट चोळत म्हणाला, "वहिनी, रिकामाच होता ना तो? लय जड लागला."

रिकामाच होता. महामायाने सकाळीच त्यातलं सगळं बाहेर काढलं होतं. भाजीचा ट्रे, बर्फाचे साचे, कोपऱ्यात सुकून गेलेलं अर्धं लिंबू. मग सोड्याच्या पाण्याने तो आतून पुसून घेतला होता. विटकरी रंगाचा, एका दाराचा, किल्लीने कुलूप लागणारा फ्रीज. तिच्या सासऱ्यांनी, किसनरावांनी, एसटी डेपोत मेकॅनिक असताना घेतलेला. ते गेले तरी फ्रीज चालत राहिला. अलीकडे मात्र तो थंड कमी करायचा आणि घरघरायचा जास्त.

"भंगारवाल्याला हाक मार, घेऊन जाईल," चंद्रशेखर म्हणाला. देऊळगाव राजात बसस्टँडजवळ त्याचं औषधांचं दुकान होतं आणि त्याला निघायची घाई होती.

"तो हातोडीनं नळी तोडतो. गॅस हवेत आणि तेल मातीत. नववीच्या पोरांना मी हेच करू नका म्हणून शिकवते."

"बरं बाई. तुझ्या पद्धतीनं कर."

तिची पद्धत म्हणजे चौकशी. दोन-चार फोन झाल्यावर जालन्याकडचं एक केंद्र सापडलं. जुनी यंत्रं नीट सुटी करून गॅस काढून घेणारं, त्यासाठी परवानगी असलेलं. तिथला गोकुळ नावाचा माणूस फोनवर म्हणाला की गाडी चिखलीकडून येईल तेव्हा तुमचाही घेऊ, पण वेळ लागेल. "तोवर कोरडा ठेवा मॅडम. आन् दार काढून ठेवा. लेकरू, मांजर, काही आत गेलं तर बाहेरच्याले समजत नाही. आतून उघडत नाही ते."

दाराचे स्क्रू गंजलेले होते. रविवारी चंद्रशेखरकडून काढून घेऊ, असं ठरवून महामायाने दाराच्या फटीत एक फडकं घडी करून अडकवलं, म्हणजे दार किलकिलं राहील आणि आत कुबट वास धरणार नाही.

संध्याकाळी ती कपडे काढायला पडवीत गेली तेव्हा दार लागलेलं होतं. फडकं वर, फ्रीजच्या डोक्यावर ठेवलेलं होतं. व्यवस्थित, चौकोनी घडी घालून. चंद्रशेखरने केलं असणार, असं तिला वाटलं, आणि ती दोरीवरचे कपडे घेऊन आत आली.

२

त्या हिवाळ्यात घरात एकच काळजी होती, ती जनकाबाईंची. सासूबाई टायफॉइडमधून उठल्या, पण तोंडाची चव गेली ती गेली. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसायच्या आणि हळूच बाजूला काढून ठेवायच्या. वरण नको, खिचडी नको, पेज नको. एकेकाळी शेतातून आल्यावर भाकरीच्या चळतीला पुरून उरणारी बाई खाटेवर चादरीच्या सुरकुतीएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे.

दही मागायच्या त्या कधी कधी. पण थंडी अशी पडली होती की विरजण लागेना. महामाया रात्री लावायची आणि सकाळी भांड्यात दूधच असायचं, थोडं आंबूस, थोडं फुटलेलं.

एका सुट्टीच्या दुपारी जनकाबाईंनी हाक मारली. "माया, दही दे वं थोडं."

"लागलं नाही आई आज पण."

"मांगच्या फ्रीजातलं दे ना. काल देल्लं तसं."

महामाया ओट्याशी थांबली. काल ती दिवसभर शाळेत होती. पण आजारी माणसाशी वाद कशाला, म्हणून ती पडवीत गेली आणि जुन्या फ्रीजचं दार ओढलं. रबर सुटताना नेहमीचा ओलसर आवाज झाला.

मधल्या जाळीवर एक वाटी होती, बशीने झाकलेली. बशीखाली दही. असं घट्ट की वाटी वाकडी केली तरी हललं नाही, वर सायीचा पिवळसर थर.

तिने विचार केला, आणि विचार करायची तिला सवय होती. बंद पडलेला फ्रीज म्हणजे चहूबाजूंनी जाड आवरण असलेली पेटी. बाहेरची थंडी आत जाणार नाही, दुधाची ऊब बाहेर येणार नाही. विरजण लावायला याहून चांगली जागा नाही. हे चंद्रशेखरला सुचलं असेल तर त्याचं कौतुकच करायला हवं.

जनकाबाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली. आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच म्हणाल्या, "अर्धी भाकर असंल तं दे."

वाटी घासताना महामायाचं लक्ष कडेवर गेलं. स्टीलवर तिचं नाव कोरलेलं होतं, तिच्या लग्नात माहेरून आलेल्या सगळ्या भांड्यांवर होतं तसं. पण त्या भांड्यांवरची अक्षरं घासून घासून पुसट झाली होती. ही अक्षरं बोटाला टोचत होती.

३

"तुम्ही बरं शोधून काढलं," जेवताना ती चंद्रशेखरला म्हणाली.

"काय?"

"दह्याचं. जुन्या फ्रीजमध्ये ठेवायचं."

त्याने घास तसाच हातात धरला. "मला विरजण केवढं घालतात ते पण माहीत नाही. मी समजलो तूच ठेवतेस. आई रोज सांगते ना, मायानं दही देल्लं, मायानं दही देल्लं."

"रोज?"

"मग कोण? आई थोडीच पडवीपर्यंत जाते."

पुढच्या खोलीत जनकाबाई कुशीवर वळल्याचा आवाज आला. खाटेपासून मोरीपर्यंत त्यांना धरून न्यावं लागत होतं.

"शेजारच्या कोकिळाबाई ठेवत असतील," चंद्रशेखर म्हणाला. "मागच्या भिंतीवरून हात पोचतो त्यांचा." आणि तो पुन्हा जेवायला लागला. या घरात भुताखेताच्या गोष्टीला कधी जागा नव्हती. दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, आणि गल्लीत कोणी उतारा टाकला तर किसनराव त्यातला नारळ उचलून आणून घरात चटणी करायला लावायचे, असं चंद्रशेखर अभिमानाने सांगायचा.

महामायाने कोकिळाबाईंना विचारलं नाही. तिने फ्रीजची किल्ली शोधून काढली. आतून तो पुन्हा कोरडा पुसला, तिन्ही जाळ्या नीट पाहिल्या, दार लावलं, कुलूप फिरवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून शाळेत गेली. वर्गात शिकवताना तिचा हात मधूनच पर्सवरून फिरत होता.

घरी आल्यावर चप्पल न काढताच ती मागे गेली आणि कुलूप उघडलं.

वाटी होती. त्याच जागी, त्याच बशीखाली.

पण तिचं लक्ष वाटीकडे नंतर गेलं. आधी दारातून जी हवा तोंडावर आली ती तिला ओळखीची वाटली. गार नव्हती, गरमही नव्हती. सकाळी कोणी अंथरुणातून उठून गेल्यावर आपण त्या गोधडीत हात घालावा, तशी ऊब होती. तिने फ्रीजच्या आतल्या, मागच्या पांढऱ्या पत्र्याला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला.

ती दार बंद करून तिथेच उभी राहिली. भिंतीपलीकडे कोकिळाबाई गहू पाखडत होत्या. उन्हात सगळं नेहमीसारखं होतं. फ्रीजच्या दाराचं काळं रबर मात्र किंचित आत ओढलं गेलं. मग सैल झालं. मग पुन्हा आत गेलं.

आतून जनकाबाई म्हणाल्या, "माया, आणून राह्यली ना दही?"

आणि तिने नेलं. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. म्हातारीच्या गालांवर मांस धरायला लागलं होतं. आता त्या भिंत धरून चार पावलं टाकायच्या, तिला जवळ बसवून विचारायच्या, "तू जेवली का वं?" महामायाने मनाशी म्हटलं, कारण काहीतरी असणार, अजून कळलं नाही इतकंच. तोवर आईंचं पोट भरतंय ना.

४

मग गोकुळचा फोन आला की गाडी एक-दोन दिवसांत निघेल. दार काढलं का, असंही त्याने विचारलं. ते राहूनच गेलं होतं.

रविवारी भर दुपारी चंद्रशेखर पेचकस आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसला. महामाया दार धरून उभी होती. आत काहीच नव्हतं. तरी दार तिच्या हातात जड, आणि आतल्या बाजूला ओढ घेतल्यासारखं वाटत होतं.

"सोडू नको," चंद्रशेखर म्हणाला. "शेवटचाच राहिला."

शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा दार तिच्या अंगावर आलं आणि तिच्या कानाजवळून हवा गेली. वारा नव्हता. दोरीवरची साडी हललीही नाही. पडवीतून स्वयंपाकघरात जाणारं दार मात्र कोणी आत शिरावं तसं उघडलं आणि मागे भिंतीला टेकलं.

"मांजर आलं काय?" चंद्रशेखरने विचारलं.

महामाया आत जाऊन पाहून आली. ओट्याखाली, मांडणीमागे, कपाटाच्या वर. काही नव्हतं. फक्त नळाखालची बादली भरत आली होती, आणि नळ तिने उघडा ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाळीवर वाटी नव्हती. तोंड उघडं पडलेला फ्रीज आतून एकदम जुना, पिवळट आणि रिकामा दिसत होता. जनकाबाईंनी नव्या फ्रीजमधलं विकतचं दही एक चमचा खाल्लं आणि वाटी सरकवली. "हे नाही," एवढंच बोलल्या. त्या रात्री त्या उपाशीच झोपल्या.

गोकुळ गाडी घेऊन आला. बरोबर आणखी एकजण होता. दोघांनी वाकून पकड घेतली, दम धरून उचलला, आणि तोल जाऊन दोघंही मागे सरकले.

"लय हलका हाय हो," गोकुळ म्हणाला. "कॉम्प्रेसर कोणाले विकला का, मॅडम?"

"नाही. हातही लावला नाही कोणी."

त्याने मागे वाकून पाहिलं. कॉम्प्रेसर जागेवर होता, नळ्या जागेवर होत्या. त्याने बोटाने पत्र्यावर ठोकून पाहिलं, मग एकट्यानेच फ्रीज कडेवर घेतल्यासारखा गाडीपर्यंत नेला. दार दुसऱ्याने नेलं. गाडी वळणावर गेल्यावर महामायाला बरं वाटलं. जे करायला हवं होतं ते तिने नीट केलं होतं. गॅस हवेत गेला नाही, तेल मातीत मुरलं नाही. तिने पडवी फिनाईलने धुतली, आणि फ्रीजच्या जागी कपड्यांचा स्टँड ठेवला.

५

जनकाबाई परत जेवायला लागल्या ते कधी, हे महामायाच्या लक्षात आलं नाही. ती शाळेतून यायची तेव्हा त्या वाटी-ताट बाजूला ठेवून तृप्त बसलेल्या असायच्या. "कशाशी जेवलात आई?" विचारलं की म्हणायच्या, "तूच तं वाढून देल्लं, अन् तूच इचारून राह्यली." आणि हसायच्या. बोलण्यात कुठे भ्रम नव्हता. वार, नाती, गल्लीतल्या गोष्टी, सगळं त्यांना नीट आठवत होतं.

मग कोकिळाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "मॅडम, काल शाळेले सुट्टी होती काय? दुपारी ओट्यापाशी दिसल्या तुम्ही. म्या हाक मारली तं पाठमोऱ्याच हात हालवला."

"मी शाळेत होते."

"मंग जाळीच्या खिडकीतून दिसलं असंल काहीबाही," कोकिळाबाई म्हणाल्या, पण त्यांची नजर महामायाच्या अंगावरच्या साडीवर फिरत राहिली. हीच साडी का दुसरी, हे जुळवून पाहिल्यासारखी.

खिडकीला जाळी होती, हे खरं. उन्हात जाळीतून आतलं धड दिसत नाही, हेही खरं. पण दुपारच्या तासाला फळ्याकडे तोंड करून उभी असताना तिच्या मनात यायला लागलं की या घटकेला आपल्या घरी कोणीतरी मांडणीतलं तिखटाचं भांडं उचलत आहे. कुठलं भांडं कुठे आहे, हे त्याला शोधावं लागत नाही. खडू तसाच हातात राहायचा. पोरं एकमेकांकडे पाहायची.

घर पूर्वीपेक्षा नीटनेटकं होतं. तिला जे करायला वेळ मिळत नव्हता ते होत होतं. डाळीच्या डब्यांची झाकणं चकचकीत, जनकाबाईंच्या केसांना तेल, चंद्रशेखरच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलेलं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपणच केलं असेल, घाईत विसरलो असू. एकदा तर तिने शांत बसून खूप आठवून पाहिलं, आणि ते बटण लावल्याचं तिला जवळजवळ आठवलंही. सुईत दोरा ओवताना ओठांना लागलेला ओला दोरा. हे आठवलं तेव्हा ती जास्त घाबरली.

त्या संध्याकाळी चंद्रशेखर म्हणाला, "दुपारी चहा छान झाला होता. आलं जास्त घातलंस का?"

"कुठली दुपार?"

"आजची. बिलबुक विसरलो म्हणून घरी आलो नव्हतो का मी. चहा समोर ठेवला आणि आत गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. डोकं दुखत होतं का?"

महामायाने त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. "अहो, मी पाचपर्यंत शाळेत होते. नववीचा पेपर होता."

तो हसायला लागला, मग थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. कपाळाकडे, कानाकडे, हनुवटीकडे. नवऱ्याने बायकोकडे पाहावं त्यापेक्षा थोडं जास्तच वेळ.

"थकलीस तू," तो शेवटी म्हणाला. पण कोणाला म्हणाला, असं तिला वाटून गेलं. रात्री दोघांमध्ये जेवढी जागा असायची त्यापेक्षा जास्त ठेवून तो झोपला.

६

दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापकांना बरं वाटत नाही असं सांगितलं आणि मधल्या सुट्टीआधीच निघाली. खोटं नव्हतं ते. वाटेत ओळखीचे दोघं-तिघं भेटले. एकाने नमस्कार केला, एक तसाच पुढे गेला. थंडीतलं ऊन स्वच्छ पडलं होतं, आणि गल्लीत वाळत घातलेल्या मिरच्यांचा खकाणा होता.

फाटकाची कडी काढताना तिला भाकरी थापल्याचा आवाज आला. परातीवर तळव्याचा एकसारखा, सवयीचा थापथाप आवाज. मध्ये जरा थांबून, पीठ भुरभुरवून, पुन्हा सुरू. ती स्वतः थापायची तशीच, शेवटची थाप थोडी जोरात.

ती पायरीवर उभी राहिली. कोकिळाबाई मदतीला आल्या असतील. चंद्रशेखरने कामाला बाई लावली असेल आणि सांगायला विसरला असेल. असं एकेक कारण ती मनात मांडत गेली, आणि एकेक कारण त्या थापांखाली चपटं होत गेलं.

पुढचं दार उघडंच होतं. खाटेवर जनकाबाई बसल्या होत्या. चेहरा भरलेला, केस चापून बसवलेले, अंगावर इस्त्रीचं लुगडं. मांडीवर दह्याची वाटी. गेल्या वर्षभरात त्या इतक्या चांगल्या दिसल्या नव्हत्या. महामायाला वाटलं, जाऊन त्यांच्या कुशीत डोकं घालावं आणि सगळं सांगावं.

सावली पडली तशी त्यांनी वर पाहिलं.

"कोन पाह्यजे, बाई?"

तिला वाटलं, आपल्या पाठीमागे ऊन आहे, म्हणून चेहरा दिसत नसेल. ती थोडी बाजूला सरली, उजेड तोंडावर येईल अशी. "आई, मी आहे. माया."

जनकाबाईंनी डोळे बारीक करून नीट पाहिलं. ओळख पटली नाही म्हणून त्या रागावल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. दारावर काही विकायला आलेल्या, उन्हातून चालून दमलेल्या बाईकडे पाहावं तसं त्यांनी मायेने पाहिलं.

"माया तं आतमंदी हाय," त्या म्हणाल्या. मग मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. "माया, पाह्य वं, कोन आलं ते. घोटभर पाणी घेऊन ये बाईसाठी."

भाकरीचा आवाज थांबला.

नळ उघडला. कोणीतरी सावकाश हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतलं पीठही काढलं असावं, इतका वेळ लावून. नळ बंद झाला. पेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मग बांगड्या कोपराकडे मागे सारल्याची किणकिण झाली, आणि पडद्याखाली, स्वयंपाकघराच्या फरशीवर, ओल्या पावलांची बोटं दिसली. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर थोडं चढलेलं. महामायाने नकळत आपल्या पायांकडे पाहिलं.

"बस ना बाई, दारात काऊन उभी?" जनकाबाई म्हणाल्या.

पडदा हलला. महामाया त्या उंबऱ्यावर उभी होती, आणि चप्पल काढायची की नाही, हे तिला कळत नव्हतं.